हरणाचा पुढचा पाय

आता या कामाला डिझायनर म्हणतात. आमच्या वेळी छापखान्याच्या हजेरीत माझ्या नावापुढे 'चित्रकार' लिहिलेलं असे आणि गल्लीत मला लेबलवाला म्हणत. बिडीच्या कट्ट्यावर, म्हणजे जुडीवर, जो कागद गुंडाळलेला असतो, त्यावरचं चित्र मी काढायचो. उदबत्तीची, चहाच्या पुड्यांची, संत्र्यांच्या पेट्यांचीही लेबलं काढली, पण पोट चालायचं ते बिडीवर. शाळा माझी चौथीपर्यंत. त्यामुळे शिकलेल्या माणसाने लिहिल्यासारखं हे होणार नाही, आणि व्हावं अशी माझी इच्छाही नाही. मला जे येत होतं ते नागपुरात फार थोड्यांना येत होतं. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगतो.

साठ आणि सत्तरच्या मधली वर्षं. नागपूरच्या महाल भागात लिथोचा छापखाना होता. लिथो म्हणजे दगडावरून छापायचं काम. घासून गुळगुळीत केलेल्या जाड दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. कागदावर मग ते सुलट उमटतं. एका रंगाला एक दगड. तीन रंगांचं लेबल असेल तर तीन दगड, आणि तिन्ही एकमेकांवर केसभर न सरकता बसले पाहिजेत.

लोकांना वाटतं, चित्र काढलं की झालं. चित्र त्यातलं सगळ्यात सोपं. आधी कारखानदाराचं ऐकून घ्यावं लागतं, आणि तो बोलतो काय, त्याला पाहिजे काय, हे वेगळं काढावं लागतं. तो म्हणणार, वाघ टाका, विमान टाका, माझ्या वडिलांचा फोटो टाका. आपण म्हणायचं, एकच टाकू. कारण बिडी घेणारा लेबल वाचत नाही. तो ठेल्यावर येतो, 'हरीण दे' म्हणतो, आणि त्याला हरीणच पाहिजे असतं. लाल रंग जरा काळपट पडला तरी तो कट्टा उलटून पाहतो. चित्र हेच त्या बिडीचं नाव. ते नाव ज्याच्या हातून उतरतं त्याची सही कुठेच नसते. बोलणी मात्र त्यालाच.

हरीण छाप आमच्या छापखान्याचं सगळ्यात जुनं काम. लाल जमीन, पिवळं हरीण, काळी रेघ. ते काढलं होतं माझ्या आधीच्या चित्रकाराने. त्यांची नजर गेली म्हणून ते घरी बसले आणि त्यांच्या पाटावर मी बसलो. एका हिवाळ्यात काळ्या रेघेचा दगड तडकला. मालकांनी मला जुनं लेबल दिलं.

"जसंच्या तसं काढ गा. काही डोकं चालवू नको."

मी लेबल पाटावर सपाट करून भिंगाखाली धरलं आणि हसलो. हरणाचा पुढचा पाय चुकला होता. हरीण उडी मारतंय, मागचे पाय झकास ताणलेले, आणि पुढचा पाय छातीखाली कसातरी मुडपलेला, छत्रीची काडी तुटावी तसा. गुडघा जिकडे वळतो तिकडे वळलेलाच नाही. मानही आखूड. म्हटलं, म्हाताऱ्याला हरीण माहीत नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी महाराजबागेत, आमच्याकडच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. हरणांच्या जाळीपाशी उभा राहून पाय पाहिले. तिथला रखवालदार मला ओळखायला लागला. मग मी पाय काढला, आणि त्याला जुळवून पिवळ्याचा दगडही नवा केला. पुढे झेपावलेला, नसा दिसणारा, खुराचं टोक वाऱ्यावर. मान लांब केली. असं हरीण त्या आकारात कोणी काढून दाखवावं.

पहिला छाप कारखान्याच्या मुनीमजींना दाखवला. त्यांनी टेबलावर ठेवून पाहिला, 'सुंदर' म्हणाले, आणि सही केली. मालकांनीही पाहिला, आणि सही आहे म्हणून चालू दिला. घरी बायकोला दाखवला. आमची बायको त्याच कारखान्याच्या बिड्या वळायची. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेच काम. आठवड्याला तेंदूची पानं आणि तंबाखू मिळायचा, बाया पानं भिजवून कातरीने कापायच्या, वळायच्या, आणि ठेकेदाराकडे नेऊन द्यायच्या. दुपारी गल्लीतून चाललं तर दारादारातून कातरीचा आवाज.

बायकोने पानं-तंबाखूचं सूप बाजूला ठेवलं आणि लेबल हातात घेतलं.

"पाय बदलवला तुमी."

"बदलवला नाही. नीट केला."

"लोकायच्या वळखीचा होता ना थो."

"चुकीचा होता."

"हरणानं तक्रार केली होती का?" असं म्हणून ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. मला राग आला, पण मी तो दाखवला नाही. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे रागावून बोलायचं तर एकमेकांशीच, आणि तेवढं बोलणं आम्ही जपून वापरायचो.

संक्रांतीनंतर नवं लेबल बाजारात गेलं. होळीच्या सुमारास माल परत यायला लागला. आधी बालाघाटकडून, मग रायपूरकडून, मग आपल्याच जिल्ह्यातून. गिऱ्हाईक म्हणत होतं, ही बिडी नकली आहे. हरीण लंगडं आहे, त्याला पायच नाही.

पायच नाही म्हणे. मी तीन रविवार घालून काढलेला पाय. मी म्हटलं, लोकांचे डोळे फुटले.

कारखान्याने वळाईचं काम निम्म्यावर आणलं, मग गल्लीचं बंदच केलं. ठेकेदार आला आणि पानांचं गाठोडं न आणताच गेला. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला मी उभा होतो. समोरची म्हातारी, जिच्या घरात तिघी वळायच्या, ती मोठ्याने शेजारणीला म्हणाली:

"काहून वं, आज कातरी वाजून नाही राहिली?"

"कशी वाजंल? हरणाचा पाय मोडला न वं. डॉक्टरनं चांगला पाय कापला."

बाया हसल्या. माझी बादली भरली नव्हती, तरी मी उचलून घरी आणली.

मालकांनी मला बोलावलं. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं.

"पाय पयल्यासारखा करून टाक. दोन दिवसाचं काम हाये तुहं."

"चुकीचा पाय मी नाही काढणार."

"अरे, तुले हरीण पाळाचं हाये का? बिडी विकाची हाये."

"दुसऱ्याले सांगा."

"दुसरा कोन हाये नागपुरात?"

हे त्यांनी खरंच विचारलं होतं. मला मात्र ते माझं कौतुक वाटलं, आणि कौतुकाने मी आणखी ताठ झालो. माझे ब्रश कापडात गुंडाळले आणि छापखान्याच्या पायऱ्या उतरलो. मला कोणी काढलं नाही. हे मी आवर्जून लिहितो, कारण पुढे गल्लीत उलटंच पसरलं.

घरी बायकोने तीन दिवस रिकामी सुपं पुसून ठेवली. चौथ्या दिवशी तिने लुगडी घडी करून पेटीत ठेवली. सावनेरला तिच्या भावाकडे दुसऱ्या कारखान्याची पानं मिळत होती.

"मी जातो भावाकडं. हातावर हात ठेवून माह्यानं बसवत नाही."

"माह्या कामासाठी तू घर सोडून चालली?"

"तुमच्या कामासाठी नाही. गल्लीतल्या बाया माह्याशी बोलत नाही. पान्याले गेली का सरकून उभ्या राह्यतात." मग पेटीची कडी लावता लावता म्हणाली, "ज्या दिवशी पाय पयल्यासारखा कराल, त्या दिवशी सांगा. मी येतो."

आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, येतो, जातो. तिने रागाने नाही, कामाचं सांगावं तसं सांगितलं. मी तिची पेटी बसस्टँडपर्यंत नेली. गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "रॉकेल संपत आलं हाये," आणि गेली.

पुढचे महिने मी दुकानांचे बोर्ड रंगवले, ट्रकच्या नंबरपाट्या रंगवल्या. पोटापुरतं व्हायचं. पण घरी आलो की काय करायचं कळत नसे. एका माणसाचा भात शिजवायला पातेलं मोठं पडायचं. वरण करायचो तर दोन वेळा पुरायचं, आणि दुसऱ्या वेळेचं खाताना पहिल्या वेळेची चव आठवायची. गल्लीतले पुरुष रामराम घालायचे, थांबायचे नाहीत. दुपार सगळ्यात वाईट. कातरीचा आवाज नसलेली ती गल्ली मला ऐकूच येत नव्हती, आणि तरी मी कान देऊन बसायचो. बायकोची कातर ती घेऊन गेली होती. भिंतीवर खिळा होता.

मी बरोबर होतो यात मला शंका नव्हती. बरोबर असलेल्या माणसाला कोणी विचारायला येत नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं.

उन्हाळा चढला. एका ठेल्याचा बोर्ड रंगवायला मी नंदनवन वस्तीत गेलो होतो. ठेलेवाल्याने मला समोरच्या झाडाखाली बसवलं आणि म्हणाला, ऊन उतरू द्या. मी बसलो. समोर दहा-बारा पावलांवर ठेल्याची फळी, आणि फळीवर बिडीचे कट्टे ओळीने उभे. त्यात एक जुन्या लेबलाचा हरीण छाप उरलेला होता. त्याच्या बाजूला माझा.

जुन्या कट्ट्यावर हरीण होतं. डोकं, मान, छाती, मुडपलेला पाय, सगळं समोर. माझ्या कट्ट्यावर छाती होती आणि तिथेच हरीण संपत होतं. पाय नव्हता. तोंडही अर्धंच.

मी उठून ठेल्यापाशी गेलो आणि माझा कट्टा बोटाने फिरवला. पाय होता. मागच्या बाजूला, गोलाईवर, जिथे लेबलाची टोकं एकमेकांवर चिकटतात तिथे माझ्या पायाचा खूर दबलेला होता. कट्टा गोल असतो. पंचवीस बिड्या दोऱ्याने बांधल्या की त्या गोलच होणार. उभ्या माणसाला त्याच्यातलं समोरचं तेवढंच दिसतं. मी हे लेबल पाटावर पाहिलं, भिंगाखाली पाहिलं, मुनीमजींच्या टेबलावर पाहिलं, घरी बायकोच्या तळहातावर पाहिलं. कट्ट्यावर गुंडाळून कधी पाहिलं नाही. इतकी वर्षं बिडीची लेबलं काढून मी हे केलं नव्हतं, कारण चित्र नवं असलं तरी त्याची मांडणी मी जुन्या लेबलांवरून उचलायचो, आणि जुन्यात ते कोणीतरी आधीच पाहून ठेवलेलं होतं.

"काय पाहून राह्यले?" ठेलेवाला म्हणाला. "थो नका घेऊ. लंगडा हाये."

मी दोन्ही कट्टे घेतले. त्या दिवशी बोर्ड रंगवला नाही.

म्हातारे चित्रकार तिथून जवळच राहायचे. त्यांच्या पाटावर मी इतकी वर्षं बसलो आणि त्यांच्या दारात एकदाही गेलो नव्हतो. ते खाटेवर बसले होते. डोळ्यांत पांढरं पडलेलं. मी कोण ते सांगितलं.

"मालूम हाये," ते म्हणाले. "पाय तोडणारा."

मी जुना कट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने गोलाई चाचपली.

"काकाजी, हा पाय तुम्ही मुद्दाम मुडपला होता?"

"मंग काय मी हरीण पाह्यलं नव्हतं का गा? मह्या बापाच्या वावरात यायचे हरणं." मग म्हणाले, "कोऱ्या कागदावर काढून कट्ट्याले बांधलं. ठेल्यावर ठेवलं. समोर बसलो. पाय लपला का आत घेतला. मान लपली का आखूड केली. आठ दिवस बसलो होतो. लोक हसत होते, बिडीकडं पाहत बसते म्हणून."

"चित्र म्हणून तो चूक आहे पण."

"चित्र कोनं मांगतलं होतं तुले?"

मी माझा कट्टा हातात फिरवत राहिलो.

"गिऱ्हाईक कुठं उभं राह्यते, तिथं जाऊन उभं राहा लागते. बाकी काय हाये त्या कामात? रेघ तर कोनीबी मारते." त्यांनी कट्टा परत न देता बाजूला, उशीपाशी ठेवला. "विचारायले पयले यायचं होतं. मी घरीच राहतो."

इतकंच. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही. पण सक्करदऱ्यापर्यंत चालत आलो, आणि वाटेत माझ्या हातचे जेवढे बोर्ड दिसले, त्या प्रत्येकासमोर जाऊन थांबलो आणि मागे सरकून पाहिलं. त्यांतले दोन रस्त्यावरून वाचताच येत नव्हते. एक विजेच्या खांबाने अर्धा झाकला होता. रंगवताना तो खांब माझ्या पाठीला टेकत होता.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेलो. मालकांना म्हटलं, "काढतो." त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझी चूक झाली, हे तीन शब्द त्या पायऱ्या चढताना माझ्या तोंडात होते. वर गेल्यावर नव्हते.

दोन दिवसांचं काम मालक म्हणाले होते. मला अकरा दिवस लागले. म्हाताऱ्यांची रेघ हाताला येईना. माझा हात सारखा गुडघा जागेवर नेत होता. पाच वेळा दगड घासला. शेवटी कोरा कागद कट्ट्याला बांधला, समोरच्या खिडकीत उभा केला, दहा पावलं मागे गेलो, आणि तिथून पाहत, परत येत, एकेक रेघ टाकली. छापखान्यातले लोक हसले. मी हसू दिलं.

आषाढातल्या आखाडीच्या आधी लेबल बाजारात गेलं. पोळ्यापर्यंत गल्लीत पानं आली. कातऱ्या वाजायला लागल्या. नळावर समोरच्या म्हातारीने माझी बादली आपल्या आधी लावली.

"चालाले लागलं म्हन्तात तुमचं हरीण."

"हो."

"मंग आमची बाई कवा येऊन राहिली?"

"येईल," म्हटलं.

बायकोला मी कळवलं नाही. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. लिहिता येत होतं मला, चार ओळी तर नक्की. पण चार ओळींत काय लिहायचं? पाय पूर्वीसारखा केला, एवढंच लिहिलं तर ती विचारणार, का केला. आणि का केला हे लिहायचं तर सगळं लिहावं लागणार. मी स्वतःला म्हटलं, हरीण छाप सावनेरच्या बाजारात जातंच. ती तो पाय हजारात ओळखेल. लेबल पाहील आणि समजेल.

पोळा झाला. रोज दुपारी छापखान्यातून जेवायला घरी येताना मी गल्लीच्या तोंडाशी हळू चालायचो, आपलं दार उघडं दिसतं का बघायला. गणपती झाले. दसऱ्याला सोनं द्यायला मी गल्लीत सगळ्यांकडे गेलो आणि सगळ्यांनी तेच विचारलं. दिवाळीला येईल म्हटलं. दिवाळीला मी घर चुन्याने पोतून घेतलं, पेढे आणून ठेवले. ते चतुर्थीपर्यंत टिकले, मग मीच खाल्ले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सावनेरच्या यष्टीत बसलो. भावाचं घर बाजारामागे. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. वाळली होती जरा. मला पाहून उठली, पाणी आणलं, पुन्हा बसली. कातर चालूच.

"पाय केला पयल्यासारखा," मी म्हटलं.

"पाह्यलं म्या. पोळ्याच्या बाजारात."

मला कळेना. "मंग आली काहून नाही?"

तिने पान कापून बाजूला ठेवलं.

"लेबल गिऱ्हाइकासाठी हाये. मले तर तुमी सांगणार होते."

मी तिला ठेल्याचं सांगायला हवं होतं. म्हाताऱ्यांचं सांगायला हवं होतं. उशीर झाला होता, पण ती ऐकत होती. हातातलं काम तिने हळू केलं होतं. मी म्हटलं, "चाल आता."

"आता इथं पुस्तक निघालं माह्या नावाचं," ती म्हणाली. बिडी वळणाऱ्याला कारखान्याचं एक पुस्तक मिळतं, त्यावर नाव असतं. "तिथलं तुमच्या नावानं होतं. हे माह्या नावानं हाये. सोडून कशी येऊ?"

"तिथंही काढता येईल."

"काढा मंग," ती म्हणाली.

मी ठेकेदाराला एकदा विचारलं. तो म्हणाला, बघू. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कोणापुढे दुसऱ्यांदा उभं राहायची मला सवय नव्हती.

ती आली नाही. भांडण असं काही झालं नाही. मी एक रविवार आड जायला लागलो, आणि ते पुढे पंधरा-सोळा वर्षं चाललं. लिथोचे दगड गेले, पत्र्याच्या प्लेटा आल्या, मोठी मशीन आली. हरीण छाप तेवढं तसंच राहिलं. नवीन मुलं छापखान्यात आली, आर्ट स्कूल शिकलेली. त्यांना मी पहिल्या दिवशी कट्ट्याला कोरा कागद बांधायला लावायचो. कारण विचारलं तर म्हणायचो, बांधा. तो पाय कोणी मुडपला आणि कोणी ताणला हे मी त्यांनाही सांगितलं नाही.

सावनेरला गेलो की ती चहा करायची. गल्लीतल्या एकेकीचं विचारायची, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाचा दमा कसा आहे. मी सांगायचो. मग मी तिच्यासमोर भिंतीला टेकून बसायचो आणि ती वळत राहायची. कातरीच्या त्या आवाजात मला कितीदा डुलकी लागली. पाच वाजत आले की ती वर न पाहता म्हणायची, "यष्टी जाईन तुमची."

मी उठायचो, चप्पल घालायचो. ती दारापर्यंत यायची. एकदा तरी ती यष्टी जाऊ द्यायला पाहिजे होती. मी एकदाही जाऊ दिली नाही.